वाचणाऱ्याचं नाव कशाला हवं?

(बडोद्यात शिकणाऱ्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. कॉम्प्युटरमधलं मला बेताचंच कळतं, तरी आज बोलायचंय ते त्याबद्दलच. म्हणजे खरं तर नोंदवहीबद्दल. आपण काय वाचतो ते कोण लिहून ठेवतं, आणि ती वही उद्या कुणाच्या हातात जाते?

आपण आहोत त्याच गावातली गोष्ट सांगते. १८९३ साली अरविंद घोष इंग्लंडहून परतले आणि इथे बडोदे संस्थानच्या नोकरीत लागले. त्याच वर्षी मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या मराठी-इंग्रजी पत्रात त्यांची 'न्यू लॅम्प्स फॉर ओल्ड' ही लेखमाला सुरू झाली. काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर त्यात कडक टीका होती. लेखांवर त्यांचं नाव नव्हतं. संस्थानचा नोकर नाव घालून असं लिहिणार तरी कसा? पण पुढे काय झालं बघा. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं, की हे अंगाशी येईल. मग लेखांची धार कमी झाली आणि १८९४ मध्ये लेखमाला थांबली. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण दाबायला मधला माणूस सापडला.

आज आपला मधला माणूस कोण? मोबाईल कंपनी. हॉस्टेलचं वायफाय. सायबर कॅफेवाला, ज्याला २०११ च्या नियमांप्रमाणे तुमचं ओळखपत्र बघून किमान एक वर्ष नोंद ठेवावी लागते. तुम्ही म्हणाल, आम्ही व्हीपीएन वापरतो. पण एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इनने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायचे. काही मोठ्या कंपन्यांनी तेव्हा भारतातले सर्व्हर काढून नेले. फुकटचं व्हीपीएन तर विचारूच नका, तिथे विकला जाणारा माल बहुधा आपणच असतो.

टॉर वेगळं आहे ते इथे. त्यात सगळं ठाऊक असलेला एकच मधला माणूस नसतो. तुमची मागणी तीन ठिकाणांवरून उड्या मारत जाते. पहिल्याला तुम्ही कुठून आलात ते कळतं, कुठे चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठे चाललात ते कळतं, कोण आहात ते नाही. कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे, म्हणून या पद्धतीला नावही कांद्याचंच आहे. गंमत म्हणजे ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मली. आज टॉर फुकट आहे, आणि भारतात ते वापरणं हा गुन्हा नाही.

टॉर ब्राउझर पेन ड्राइव्हवरूनही चालतो, कॉम्प्युटरवर बसवावा लागत नाही. त्याच्या पुढची पायरी टेल्स. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा, काम झालं की बंद करायचा. मुद्दाम जपून ठेवायला सांगितलं नाही तर काहीही मागे राहत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. मित्राने पाठवलेली फाईल नको.

आता कुणीतरी म्हणणारच, आपण काय चोर आहोत? १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळ्या झेलणारे तोंड लपवून उभे नव्हते. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी बोलणं आणि वाचणं वेगळं धरते. मोर्चा, निवेदन, लेख नावानिशीच व्हावा. पण माझ्या ओळखीचा खानापूरकडचा एक मुलगा कर्नाटकातल्या सरकारी नोकरीची तयारी करतोय. तो महाजन अहवालाबद्दल स्वतःच्या फोनवर शोधत नाही. कुणी पाहिलं तर, पुढे चौकशीत निघालं तर? त्याला अजून कुणी काही केलेलं नाही. तरी त्याने वाचणं सोडलंय. मला नोटिशीपेक्षा ही भीती जास्त वाईट वाटते, कारण ती कुठे दाखल होत नाही, तिच्यावर अपील नाही. २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. त्या मुलापर्यंत तो हक्क पोचायला हवा.

पण पेन ड्राइव्ह म्हणजे ताईत नव्हे. टॉरमधून फेसबुकवर लॉगिन केलंत तर फेसबुकला तुम्ही कोण ते कळणारच. कॅफेच्या मशीनमध्ये टाइप केलेलं टिपणारं काही बसवलेलं असेल तर टॉर ब्राउझर वाचवत नाही. आणि तुम्ही टॉर वापरताय हे वायफायवाल्याला दिसू शकतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर वापरणारे कोण, एवढं बघून पोलीस त्याच्या दारात आले. दुसऱ्या भाषेच्या माणसाला शिव्या घालायला हे वापरायचा कुणाचा विचार असेल, तर त्याने मला काही विचारायला येऊ नये.

आणि नेटच बंद झालं तर? सप्टेंबर २०१४ च्या दंगलीत याच बडोद्यात मोबाईल इंटरनेट बंद केलं होतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पाटीदार आंदोलनात पुन्हा गुजरातभर तेच. तेव्हा कुठलाही कांदा कामाला येत नाही. तिथे उपयोग होतो तो कागदाचा. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की नेटबंदीचा आदेश जाहीर करावा लागतो आणि बेमुदत बंदी चालत नाही. तेव्हा बेळगाव असो, बिदर असो की बडोदे, नेट गेलं की आधी आदेशाची प्रत मागायची. लेखी अर्ज, आणि खाली आपलं पूर्ण नाव.