दवाखाना आपलाच आहे

‘सरकारी दवाखान्यात काय ठेविले आहे?’ असे म्हणून आपण बैल विकतो आणि खासगी डॉक्टराची पायरी चढतो. पैशावाचून कोणी औषधोपचारास मुकू नये, असे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच सांगितले. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य खात्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही माफ केले. पण रात्री साप चावला आणि दवाखान्यास कुलूप, तर ती माफी काय चाटावयाची? खासगी डॉक्टर वाईट नव्हेत. मात्र जेथे पैसा नाही तेथे ते दुकान कशाला मांडतील? सरकारी दवाखाना तर काडेपेटीपासून खतापर्यंत आपण भरतो त्या करावर चालतो. येत्या ग्रामसभेत डॉक्टराची हजेरी व औषधांचा साठा विचारा. पाटलानेच नव्हे, सुताराने विचारावे, कुंभारणीनेही विचारावे.