आरोग्याची मोजदाद

नागपुरांतील महाल ही भोसल्यांच्या काळापासूनची वस्ती. तेथील बडकस चौकालगतचें एक कुटुंब कल्पावें. आजोबांना मधुमेह, आजीबाईंना रक्तदाब. घरांत सरकारी आरोग्ययोजनेचें कार्ड आहे. रुग्णालयांत दाखल व्हावें लागल्यास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची त्यांत तरतूद आहे. दरमहाच्या गोळ्यांचे पैसे मात्र घरांतूनच जातात. या कुटुंबास आरोग्यसेवा मिळाली म्हणावें, कीं नाहीं?

ऐपत नाहीं म्हणून कोणीहि उपचारांवांचून राहूं नये, हें तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ च्या अहवालांत मांडलें. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं तेंच साऱ्या जगासाठीं २०३० पर्यंतचें उद्दिष्ट ठरविलें. उद्दिष्ट ठरलें कीं माप आलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालांत अशीं दोन मापें होतीं.

पहिलें सेवांचें. लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी, क्षयावरील उपचार, रुग्णालयांतील खाटा इत्यादि बाबींचे गुण एकत्र करून १०० पैकीं एक अंक काढावयाचा. येथें साधी सरासरी घेत नाहींत. एका बाबींत ९० व दुसरींत ४० गुण असले तर साधी सरासरी ६५ येईल. परंतु दोहोंच्या गुणाकाराचें वर्गमूळ ६० च येतें, व तीच रीत येथें वापरतात. एका विषयांतील उणीव दुसऱ्या विषयाच्या गुणांनीं सहज झांकली जाऊं नये, हा त्यांतील हेतु. जगाचा हा अंक २००० सालीं ४५ होता, तो २०२१ सालीं ६८ झाला. २०१५ नंतर मात्र चाल मंदावली.

दुसरें माप खर्चाचें. कुटुंबाच्या एकूण खर्चांत पदरच्या औषधोपचाराचा वाटा शेंकडा १० हून अधिक झाला, तर तें कुटुंब संकटांत धरावयाचें. भारताच्या एकूण आरोग्यखर्चांत लोकांच्या पदरचा वाटा २०१३-१४ मध्यें शेंकडा ६४.२ होता, २०२१-२२ मध्यें तो ३९.४ वर आला. ही सुधारणा थोडी नव्हे.

पण मेख येथेंच आहे. महालांतील आजोबांनीं पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरविल्या, तर घराचा औषधखर्च निम्मा होतो, आणि संकटांतील कुटुंबांच्या यादींतून त्यांचें घर कदाचित् सुटतेंहि. त्यांची ओढाताण कागदावर बचत म्हणून उतरते. म्हणून दोन्ही मापें नेहमीं शेजारीं ठेवून वाचावयास हवींत. खर्च उतरला असें दिसल्यास पहिला प्रश्न हाच विचारावा: औषध स्वस्त झालें, कीं घेणाऱ्यानें हात आंखडला?