डोंगरातला पाण्याचा हिशेब

वाळवंट म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते, उंट येतो. माझंही तसंच होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉनला मुलाकडे गेलो होतो. मार्च महिना होता. मुलगा म्हणाला, "अब्बा, चला, दोन रात्री डोंगरात राहून येऊ." पाठीवर तंबू, शिधा आणि पाणी घेऊन आम्ही सग्वारो राष्ट्रीय उद्यानातल्या रिंकॉन डोंगरात शिरलो. तिथे माथ्यावर मोटारीचा रस्ता जात नाही.

सग्वारो म्हणजे तिथला थोरला निवडुंग. तिकडे त्याला 'सवारो' म्हणतात. तीन मजली घराएवढा उंच. अंगावर उभ्या घड्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. पाऊस पडला, की घड्या उलगडतात आणि खोड फुगतं. कोरड्या दिवसांत त्या पुन्हा मिटतात. वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस. पहिल्या आठ वर्षांत तो बोटाच्या दीड पेराएवढा वाढतो, तोही बहुधा एखाद्या झुडपाच्या सावलीत. पहिली फांदी फुटायला पन्नास ते सत्तर वर्षं लागतात. मी छप्पन्न वर्षांचा. ऐकून बरं वाटलं!

सुमारे १२०० मीटरवर सवारो मागे राहिले. त्यांना थंडी सोसत नाही. मग गवत आणि घायपात, पुढे ओक, आणि वर जुनिपर व बुटके पाइन. एका दिवसाच्या चढणीत वाळवंटाचं रान झालं.

दुपारी नमाजाची वेळ झाली. घरच्या नळाच्या सवयीनं मी बाटलीतल्या पाण्यानं वजू केली. पायांवर सढळ हातानं पाणी ओतलं. मुलगा पाहत होता, बोलला नाही.

संध्याकाळी १८०० मीटरवरच्या जुनिपर बेसिन या मुक्कामी पोचलो. तिथला ओढा कोरडा! दोघांत मिळून दीड लिटर पाणी उरलेलं. पुढचं भरवशाचं पाणी माथ्याजवळ, मॅनिंग कॅम्पला. मुलानं बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि शांतपणे म्हणाला, "अब्बा, उद्या परत फिरू." तो रागावला नाही, तेच मला जास्त लागलं.

रात्रीच्या नमाजाला मी पाण्याला हात लावला नाही. स्वच्छ मातीवर तळवे टेकवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवले. याला तयम्मुम म्हणतात. पाणी नसेल किंवा असलेलं प्यायला हवं असेल, तर मातीनंही शुद्ध होता येतं. लहानपणी बीडकडच्या गावी दादीनं हे शिकवलं होतं. एका तांब्यात वजू आटोपणारी बाई ती. मी शहरात आलो, नळ मिळाला आणि दादीचा तांब्या विसरलो.

सकाळी थोडं वर चढून पाहिलं. दूर मायका माउंटनवर पाइनचं काळंभोर रान दिसत होतं. तिथे जायचं राहिलं ते राहिलंच. उतरताना दर तासाला आम्ही दोन-दोन घोट पाणी घेतलं. पुन्हा सवारो भेटले. एकाच्या खोडात सुतारपक्ष्यानं पाडलेलं भोक होतं आणि त्यातून पक्षी डोकावत होता. एवढंसं पाणी जपणाऱ्या झाडानं बिऱ्हाडकरूही ठेवला होता!

घरी पोचून मी नळ उघडला, एक पेला भरला आणि लगेच नळ बंद केला. मुलगा पाहत होता. या वेळी तो हसला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)