स्वस्त दिवा कोणता?

(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्हाला आता अक्षरे लागली आहेत. आकडेही वाचता येतात. या आकड्यांचा घरात काय उपयोग, असे कोणी विचारील. म्हणून आज आपण घरातल्या दिव्याचा हिशेब करू.

दुकानात दोन जातींचे दिवे मिळतात. एक जुना, पिवळ्या उजेडाचा काचेचा गोळा. दुसरा एलईडी. समजा, गोळ्याला २० रुपये पडले आणि एलईडीला १००. हातात पैसे कमी असले की माणूस गोळा उचलतो. "८० रुपये वाचले," म्हणतो. खरेच वाचले का?

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. एक वॉटचा, दुसरा ल्युमेनचा. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. ल्युमेन म्हणजे तो उजेड किती देतो. बैल घेताना तो चारा किती खातो ते आपण पाहतो, आणि काम किती ओढतो तेही पाहतो. दिव्याचेही तसेच आहे.

६० वॉटचा गोळा साधारण ७०० ल्युमेन उजेड देतो. ९ वॉटचा एलईडी ८०० ते ९०० देतो. खातो कमी आणि देतो जास्त! असे का होते? गोळ्यात बारीक तार असते. वीज आली की ती तापते आणि तापून उजळते. अमेरिकेत एडिसनने १८७९ साली या जातीचा दिवा करून दाखवला. शोध मोठा होता. पण १०० भाग विजेतून जेमतेम ५ भागांचा उजेड होतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणून पेटलेल्या गोळ्याला हात लावला की चटका बसतो. एलईडीत अशी तार नसते. त्याच्या आत बारीक चकत्या असतात. त्यांतून वीज गेली की सरळ उजेड पडतो. उष्णता थोडीच होते.

आता पाटी घ्या. १००० वॉट एक तास वापरले की १ युनिट होते. आपला दिवा रोज ५ तास जळतो असे धरा.

गोळा: ६० गुणिले ५ गुणिले ३० दिवस, म्हणजे ९०००. झाले ९ युनिट.
एलईडी: ९ गुणिले ५ गुणिले ३० दिवस, म्हणजे १३५०. झाले १.३५ युनिट.

युनिटला ६ रुपये धरले, तर गोळ्याचे महिन्याला ५४ रुपये आणि एलईडीचे ८ रुपये १० पैसे. महिन्याला सुमारे ४६ रुपयांचा फरक! म्हणजे जास्तीचे ८० रुपये दोन महिन्यांत फिटले. पुढची सगळी बचत. वर्षाला एका दिव्यामागे साडेपाचशे रुपये. घरात असे तीन दिवे असतील, तर पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली की नाही?

शिवाय गोळा सुमारे १००० तास टिकतो. आपल्या हिशेबाने साडेसहा महिने. चांगला एलईडी १५००० तास आणि त्याहूनही जास्त चालतो. आपल्या राज्यात घरगुती विजेच्या दराला टप्पे आहेत. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना दर कमी, पुढच्यांना बराच जास्त. म्हणून शंभराच्या आत राहणे फायद्याचे.

आता एक फसवे नाव सांगतो. देव्हाऱ्यात किंवा निजायच्या खोलीत लावतात तो 'झीरो' बल्ब. झीरो म्हणजे शून्य, तेव्हा बिल नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. अहो, जुना झीरो बल्ब १२ ते १५ वॉट खातो! १५ वॉटचा दिवा रोज रात्री १० तास जळला, तर महिन्याला साडेचार युनिट. मोठ्या खोलीतल्या एलईडीच्या तिपटीहून जास्त. त्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडी लावा. महिन्याचा खर्च रुपयाच्या आत येतो.

काही घरांत अजून वळणदार नळीचा सीएफएल दिवा असेल. तोही वीज वाचवतो, पण त्याच्या आत थोडा पारा असतो. तो फुटला तर दारे-खिडक्या उघडा. मुलांना घेऊन पाव तास बाहेर थांबा. मग झाडू न लावता जाड कागदाने तुकडे उचला आणि डबीत बंद करा. एलईडीत पारा नसतो.

मग गोळा अगदीच टाकाऊ का? तसे नाही. कोंबडीच्या लहान पिलांना ऊब लागते. तिथे त्याची उष्णताच कामाला येते. अडगळीच्या खोलीत दिवसातून पाच मिनिटे लागणारा गोळा बदलण्याचीही घाई नको. आधी जास्त वेळ जळणारा दिवा बदला.

सरकारने जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू केली. तिच्यातून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे स्वस्तात वाटले गेले. तेव्हा हे दिवे आता गावोगाव पोचले आहेत. मात्र कोणताही दिवा घेताना खोका वाचून घ्या. वॉट पाहा, ल्युमेन पाहा, तारे पाहा. जितके तारे जास्त तितकी बचत जास्त. हमी किती वर्षांची ते विचारा आणि तारखेची पावती जपून ठेवा. नाव-गाव नसलेला दिवा घेऊ नका. तो लवकर गेला तर दाद कुणाकडे मागणार?

उद्या येताना प्रत्येकाने आपल्या घरातील दिव्यांची यादी आणावी. कोणता दिवा, किती वॉट, रोज किती तास. आकडा पाहताना आधी बटण बंद करा आणि दिवा निवू द्या. मग आपण सगळ्यांच्या याद्यांची फळ्यावर बेरीज करू.