सातबारा कोणाच्या हाती सोडून जाणार?

(बाभुळगाव येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचे म्हटले की आपली सभा दिवस मावळेपर्यंत चालते. मृत्युपत्राचे नाव काढले की निम्मे लोक तंबाखू मळत मांडवाबाहेर जातात. अशुभ बोलू नका म्हणतात. पण वावरात साप निघतो, वीज पडते. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करता करता वीसच्या आसपास माणसे गेली. त्यांत धडधाकट तरणी माणसे होती. मरणाने कोणाचे वय विचारले नाही. म्हणून आज बाहेर गेलेल्यांना आत बोलवा.

आधी हे समजून घेऊ, की काहीच न लिहिता माणूस गेला तर काय होते. समजा, एकाने स्वतः कमावलेले नऊ एकर वावर आहे. मागे बायको, दोन मुले, एक लग्न झालेली मुलगी आणि म्हातारी आई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे या पाचही जणांचा सारखा हिस्सा. आईचा आहे, मुलीचा आहे, बायकोचाही आहे. वडिलोपार्जित जमिनीत तर मुलगी जन्मापासूनच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार. महाराष्ट्राने हे १९९४ साली केले, देशाने २००५ साली, आणि बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हक्क राहतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

कायदा असा आहे. गावातला रिवाज कसा आहे ते आपण जाणतो. बहिणीला दिवाळीला बोलवायचे, साडी-चोळी द्यायची आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची. आणि जिने तीस वर्षे त्याच वावरात निंदण-वेचणी केली, त्या बायकोला सातबारा कसा दिसतो हेही ठाऊक नसते.

हे दुखणे आपल्या चळवळीला जुने माहीत आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखो बाया जमल्या, त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शरद जोशींचा मुद्दा साधा होता. आपण सरकारकडे कर्जमुक्ती मागतो, मग घरच्या लक्ष्मीचे आपल्यावर जे देणे आहे ते कोण फेडणार? ज्या गावात शंभर घरे बायकोच्या नावे जमीन करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने सुरुवात केली. १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्यासाठी परिपत्रक काढले.

आणि आपल्याला तर लांब जायचेच कारण नाही. शेजारच्या राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचे देऊळ आहे. टाकलेली सीता तिथे बाळंत झाली, गावात मूठभर गहू मागितला, कोणी दिला नाही, म्हणून तिथे गहू पिकेना, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरी की खोटी हा वाद सोडा. घराबाहेर पडलेल्या बाईच्या नावे मूठभर धान्याचीही सोय नव्हती, एवढे तरी त्या कथेत खरे आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती काही भावांना आवडणार नाही. मृत्युपत्र बाईला वाचवण्यासाठी करतात तसे तिला उडवण्यासाठीही करतात. कापसाच्या कर्जापायी आपल्या जिल्ह्यात किती घरे उघडी पडली ते आपण पाहिले आहे. अशा घरात बहुतेकदा जमीन सासऱ्याच्या नावे असते. सासरा काही न लिहिता वारला, तर मेलेल्या मुलाची विधवा आणि तिची लेकरे कायद्याने पहिल्या वर्गातले वारस आहेत, मुलाचा हिस्सा त्यांना मिळतो. पण तोच सासरा दुसऱ्या मुलाच्या दबावाखाली स्वकष्टाच्या जमिनीचे मृत्युपत्र करून गेला, तर ती सून रस्त्यावर. तेव्हा ज्या म्हाताऱ्यांच्या घरात अशी सून आहे त्यांनी तिचे आणि नातवंडांचे नाव गट नंबरासह लिहावे. जिवंतपणीच देऊन टाकायचे असेल तर त्याहून बरे. बायको, मुले, नातवंडे आणि मेलेल्या मुलाची विधवा यांना शेतजमिनीचे बक्षीसपत्र करायला महाराष्ट्रात मुद्रांक फक्त २०० रुपयांचा लागतो, इतर खर्च वेगळा.

आणखी एक ओळ बघून ठेवा. कितीतरी मृत्युपत्रांत लिहिलेले असते, “माझ्या पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, नंतर मुलांनी वाटून घ्यावे.” वाचायला गोड वाटते. अर्थ असा, की ती वावर विकू शकत नाही, मालक म्हणून गहाण ठेवू शकत नाही. लेकीच्या दवाखान्यासाठी एक एकर विकायचा तर मुलांच्या तोंडाकडे बघायचे. बाईला मिळालेली मिळकत पूर्ण तिच्या मालकीची, असे कायदा म्हणतो, पण मृत्युपत्रातच मर्यादित हक्क दिला तर तो मर्यादितच राहतो. म्हणून “पूर्ण मालकी हक्काने” हे शब्द लिहा. अर्जनवीस जुना नमुना पुढे करील. त्याला थांबवा.

कागद करणे अवघड नाही. साध्या कागदावर चालतो, मुद्रांक लागत नाही. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करायचा आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. उद्या तक्रार झाली तर कोर्टात त्यालाच उभे राहावे लागते. ज्याला जमीन मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, विनाकारण शंका येते. नोंदणी सक्तीची नाही, पण तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे थोड्याशा फीमध्ये होते, करून टाका. म्हातारा आजारी असेल तर शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत लावा. सामाईक जमिनीत फक्त आपल्या हिश्श्याचे लिहिता येते, भावाचे नाही. मुस्लिम भावांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे लिहिता येत नाही. आदिवासी भावांना १९५६ चा कायदा लागू नाही, त्यांनी वकिलाला विचारूनच करावे.

विहिरीचे मात्र विसरू नका. दोन भावांत वावर वाटून देता आणि विहीर एकाच्या हिश्श्यात राहते. मग पहिल्याच वर्षी ओलिताच्या वेळी कुऱ्हाडी निघतात. पाण्याच्या पाळ्या, मोटारपंप, बैलबंडी जायची वाट आणि धुऱ्यावरची झाडे कोणाची, हे सगळे लिहा. हे लिहिले म्हणून कोणी हसणार नाही.

एकदा केला म्हणजे झाला असेही नाही. तुम्ही एका मुलाला अमुक गट दिला आणि पुढे तोच गट मुलीच्या लग्नात विकला, तर त्या मुलाच्या हाती नुसता कागद राहतो. बेंबळा धरणात ज्यांची वावरे गेली त्यांना हे समजेल. जमिनीचे पैसे झाले, पण कागदात वावरच लिहिलेले. बायकोला दिले आणि ती तुमच्या आधी गेली, तर तिच्यापुरते मृत्युपत्र पडते आणि तेवढी जमीन कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांत जाते. तेव्हा घरात लग्न झाले, मयत झाली, वावर घेतले-विकले, की जुना कागद काढून वाचा. खाडाखोड करून चालत नाही. पुरवणी लिहिली तरी दोन साक्षीदार लागतात. त्यापेक्षा नवीन लिहा, तारीख टाका आणि “आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द” असे स्पष्ट म्हणा. शेवटचे मृत्युपत्र खरे धरतात. मूळ प्रत कोठे ठेवली ते बायकोला सांगा. तुमच्या मागे तिला तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते, फेरफार त्यावरून होतो.

कर्जाचे नेहमी विचारतात. मृत्युपत्राने सोसायटीचे कर्ज बुडत नाही, ते मिळकतीवर राहते. पण वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच. मुलाने स्वतः कर्जाच्या कागदावर सही केलेली नसेल, तर त्याने स्वतः कमावलेल्या पैशावर बापाचा सावकार हात टाकू शकत नाही. बापाचे कर्ज फेडणे हा मुलाचा धर्म, एवढ्याच कारणाने वसुली करणे २००५ च्या दुरुस्तीने बंद झाले. दारात येऊन दम देणाऱ्याला हे सांगा.

आता बायांसाठी. जिच्या नावे जमीन आहे तिनेही लिहावे. विशेषतः जिला लेकरू नाही तिने. नवऱ्याकडून वारसाने आलेली जमीन ती काही न लिहिता गेली तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते, बापाकडून आलेली बापाच्या वारसांकडे. ज्या बहिणीने किंवा भाचीने म्हातारपणी तिला भाकर दिली तिला यातले काही मिळेलच असे नाही. अशा ज्या बाया आज इथे आहेत त्यांनी जेवणानंतर थांबावे. सातबारा आणि आठ-अ आणला असेल तर सोबत बसून कच्चा मसुदा करून घेऊ.