बांधावर फेकलेला सूट



आमच्या उमापूरला पावसाळ्यात कपाशीची फवारणी सुरू झाली की पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, पाय उघडे. गेल्या साली चुलतभावाला मी प्लास्टिकचा सूट आणून दिला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्यानं तो बांधावर फेकला. “विषाआधी उकाड्यानंच मरंन की दादा!”

अंतराळवीराचीही गत हीच. फरक एवढाच, त्याला सूट काढून फेकता येत नाही. वर हवाच नाही, तेव्हा अंगातली ऊब जाणार कुठं? म्हणून यानाबाहेर पडताना आतून घालायच्या कपड्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या ओवलेल्या असतात. त्यातून गार पाणी फिरतं. आपलं ठिबकच, पण एक थेंब गळता कामा नये. २०१३ साली इटलीचा अंतराळवीर लुका पार्मितानो याच्या हेल्मेटात पाणी शिरलं, नाकापर्यंत आलं. बिचारा चाचपडत अंतराळस्थानकात परतला.

दुसरी पंचाईत फुगण्याची. १९६५ साली रशियाचा लिओनोव्ह यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस. बाहेर पोकळी, आत हवा; सूट असा ताठरला की दारातून शिरता येईना. शेवटी त्यानं आतली थोडी हवा सोडून दिली, तेव्हा कुठं आत आला. म्हणून कोपर, गुडघे, बोटं वाकतील अशी शिवण घालणं हीच खरी कारागिरी. आणि ती कुणी केली? चंद्रावर गेलेले सूट अमेरिकेत काचोळ्या शिवणाऱ्या कंपनीच्या बायांनी शिवले! एकावर एक एकवीस थर. एखादी टाचणी आत राहिली तर जीवच जायचा, म्हणून शिवलेल्या सुटाचा एक्स-रे काढत.

हातमोज्याचं कोडं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. तासन्‌तास त्या ताठर बोटांशी झुंजून काही अंतराळवीरांची नखं उखडतात. वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघालेल्या आयाबायांना हे वेगळं सांगायला नको.

आणि आपल्या फवारणीच्या सुटाचं काय? २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषानं माणसं दगावली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘किसान कवच’ नावाचा सूट आणला. धुऊन पुन्हा वापरायचा, किंमत तेव्हा चार हजारांच्या घरात. कापडच विष निष्प्रभ करतं म्हणे. चुलतभावाला सांगितलं. किमतीचं त्यानं नंतर विचारलं. आधी म्हणाला, “वारं लागतं का आत?”