कोपऱ्यावरचं उडुपी

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सदस्यांच्या संध्याकाळी केलेले भाषण)



'सोसायटीची पंचवीस वर्षं' या विषयावर दहा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं. पण पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग आणि लीकेज यांवर आपण पंचवीस वर्षं दर महिन्याला बोलतोच आहोत. म्हणून मी आज बोलणार आहे कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलबद्दल. हसू नका. आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली, पण त्याआधीच्या सगळ्या मीटिंगा त्या हॉटेलच्या आतल्या दोन टेबलांवर झाल्या. बायलॉजच्या पहिल्या प्रतीवर चौथ्या पानाला जो पिवळट डाग आहे तो सांबाराचा. ऑडिटरनं एकदा विचारलं होतं, तेव्हा मीच खुलासा केला होता.

आपण 'उडुपी' हा शब्द इतका सहज वापरतो की ते एक गाव आहे हे आपल्या नातवंडांना ठाऊकच नसतं. कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं हे देवळाचं गाव. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथं कृष्णाची स्थापना केली. आठ मठ आहेत आणि पूजेची जबाबदारी दर दोन वर्षांनी एका मठाकडून दुसऱ्याकडे जाते. देवळात रोज हजारोंच्या पंगती उठतात. अशा स्वयंपाकात हात तयार झालेले आचारी बाहेर पडले आणि कांदा-लसणाशिवायचं ते जेवण त्यांनी मद्रास, बंगळूर, मुंबईला नेलं. माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ साली श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. बँकेत नवा असताना एका कानडी सहकाऱ्यानं मला तिथं नेलं होतं. केळीचं पान, रसम, भाताचा डोंगर आणि वाढणाऱ्याची घाई. मी निम्म्यातच हात टेकले.

पुढे हा धंदा फक्त आचाऱ्यांचा राहिला नाही. कर्नाटकात १९७४ साली कूळकायद्यात मोठी दुरुस्ती झाली, किनाऱ्यावरच्या पुष्कळ जमीनदार घरांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांकडे गेल्या. त्या घरांतली बरीच मुलं मुंबईला आली आणि हॉटेलात शिरली. आपल्या हॉटेलचे मालक, ज्यांना आपण सगळे अण्णा म्हणतो, ते त्यातलेच. कपबश्या विसळण्यापासून सुरुवात, मग टेबलं पुसणं, मग वेटर आणि शेवटी गल्ला. आणि एक गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. १९६६ नंतरची काही वर्षं मुंबईत उडुपी हॉटेलांवर दगडही पडले होते. हॉटेलं परत उघडली. आपणही परत जाऊन बसलो. 'एक्स्ट्रा चटणी' मागताना कुणाला संकोच वाटल्याचं मला आठवत नाही.

आता बँकवाल्याला राहवत नाही म्हणून सांगतो. ज्या दक्षिण कन्नड मुलखातून ही हॉटेलं आली, तिथूनच चार मोठ्या बँकाही आल्या. १९०६ साली मंगळूरला कॅनरा, त्याच वर्षी उडुपीला कॉर्पोरेशन, १९२५ ला उडुपीतच सिंडिकेट आणि १९३१ ला मंगळूरला विजया. यांतली माझी एकही नव्हे, त्यामुळे ही जाहिरात समजू नका. सिंडिकेटनं १९२८ मध्ये पिग्मी ठेव काढली. एजंट रोज दारात यायचा आणि दोन-दोन आणेसुद्धा घेऊन जायचा. मला ही योजना आणि उडुपी हॉटेल एकाच डोक्यातून निघाल्यासारखी वाटतात. लहान रक्कम, रोज, न चुकता. आज २०१९-२० च्या विलीनीकरणानंतर त्यांतली कॅनरा तेवढी नावानं उरली. हॉटेलवाल्यांचे विलीनीकरण कोणी करत नाही, ते आपले एकेक करून बंद पडतात.

मी शाखेत असताना हॉटेलांची कर्जप्रकरणं पाहिली आहेत. बाहेरून वाटतं, तांदूळ, उडीदडाळ आणि पाणी, यात नफाच नफा. पण भिजवलेलं पीठ उद्यापर्यंत थांबत नाही. पावसाळ्यात ते नीट फुगत नाही, मे महिन्यात दुपारपर्यंत आंबट होतं. मसाला डोश्याचा दर दोन रुपयांनी वाढवला की आपण लगेच 'अण्णा, काय हे?' म्हणतो. कमर्शियल सिलिंडर महागला तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. सगळा खेळ टेबल किती वेळा रिकामं होतं यावर. म्हणून जेवण संपता संपता बडीशेप समोर येते. तो पाहुणचार असतोच, पण थोडी सूचनाही असते!

आणि नेमकं इथेच आपल्या अण्णांचा हिशेब चुकतो. दुपारी साडेतीन ते पाच या वेळात तिथं कोण बसलेलं असतं ते बघा. आपण. आपल्या छप्पन्न फ्लॅटांपैकी अकरा फ्लॅटांत आज एकटं माणूस राहतं, आणि मी मोजूनच सांगतो आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला. बायको गेलेली किंवा नवरा गेलेला. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. मग दोन इडल्या आणि वन बाय टू कॉफी, तीसुद्धा तासभर. त्या पोराला सांगून ठेवलेलं आहे, आजोबांना बडीशेप द्यायची नाही, ते उठतील तेव्हा उठतील.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट काही जणांना माहीत आहे. आपले एक सदस्य, नाव घेत नाही कारण ते समोरच बसले आहेत, दोन दिवस हॉटेलात गेले नाहीत. अण्णांनी आपल्या वॉचमनला फोन केला, 'बी विंगचे साधा-डोसा-कमी-तेल दिसले नाहीत, जरा वर जाऊन बघ.' वॉचमन गेला, दार उघडेना, मग सेक्रेटरींनी किल्ली आणली. ते बाथरूममध्ये पडलेले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. आम्ही त्यांच्या शेजारच्या दारातले. आम्हाला पत्ता नव्हता. पत्ता कुणाला होता, तर त्यांच्या डोश्याला किती तेल घालायचं हे माहीत असणाऱ्याला.

आता खरा मुद्दा. अण्णांचं हॉटेल ज्या जुन्या बिल्डिंगीत आहे, ती रिडेव्हलपमेंटला चालली आहे. दिवाळीनंतर गाळे रिकामे करायचे आहेत. नव्या इमारतीत जे भाडं सांगतात त्यात इडली विकून भागणार नाही. अण्णांचा मुलगा इंजिनिअर आहे, तो हॉटेलात येणार नाही, आणि यावं असं अण्णांनाही वाटत नाही. त्यांची तयारी आणखी सहा-सात वर्षं चालवायची आहे.

आपल्या बिल्डिंगचा रस्त्यालगतचा दोन नंबरचा गाळा मार्चपासून रिकामा आहे. गाळ्याचे मालक आपले सदस्यच आहेत आणि त्यांची ना नाही. अडतं आपल्या एनओसीपाशी. 'खाद्यपदार्थांच्या हॉटेलास परवानगी देऊ नये' हा ठराव २००३ चा आहे. तेव्हा मी कमिटीवर होतो. एक पार्टी तिथं परमिट रूम काढायला निघाली होती, म्हणून तो केला आणि तेव्हा तो बरोबरच होता. आज परिस्थिती वेगळी आहे.

पहिल्या मजल्यावरच्यांची भीती मला समजते. धूर, झुरळं, पहाटेचा ग्राइंडर. म्हणून मी अण्णांशी बसून बोललो. चिमणी गच्चीच्या वरपर्यंत न्यायची, ग्रीस ट्रॅप बसवायचा, फायर एनओसी आधी दाखवायची, ग्राइंडर सकाळी सातच्या आधी लावायचा नाही, रात्री दहाला शटर खाली. करार अकरा महिन्यांचा. एक अट मोडली तरी पुढचा करार नाही. त्यांनी हे सगळं कानडी वळणाच्या मराठीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं आहे. कागद माझ्याकडे आहे, पहिल्या मजल्यावरच्या चौघांनी तो आधी वाचावा. चौघांपैकी दोघांनी आजच मागितला.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सातवा आहे. सहाव्या विषयाला, म्हणजे पार्किंगला, निम्मे लोक उठून जातात. कृपा करून बसा.